भुईवरून उठलेले दादा

माझ्या थोरल्या बंधूंच्या डाव्या गालात, आतल्या बाजूने जो व्रण उठला, त्याकडे प्रथम कोणी लक्ष दिले नाही. तंबाखू खाणाऱ्याच्या तोंडात असे काही होतच असते, असे त्यांनीच आम्हांला सांगितले होते. वर्षभरात त्याने जबडा धरला, गाल बाहेरून सुजला, आणि ज्यांचे पुराण ऐकायला सरळगावापासूनची माणसे कंदील घेऊन येत, त्यांचा शब्द घरातल्या दोघांतिघांनाच काय तो कळू लागला. लढाईचे दिवस होते. मुंबईच्या इस्पितळात दाखवून झाले. तिथले डॉक्टर आपसांत इंग्रजीत काही बोलले आणि मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, घरी न्या, खावेसे वाटेल ते द्या. दादांना त्या वेळी दुधाखेरीज काही गिळवत नव्हते.

दादा माझ्याहून बरेच मोठे. वडील गेले तेव्हा माझी मुंजसुद्धा व्हायची होती. ती दादांनी लावली, संध्या त्यांनी शिकवली, शब्दरूपे त्यांनी घोकवून घेतली, आणि पुढे नाशिकच्या पाठशाळेत मला पोहोचवायलाही तेच आले होते. मी शहापुरास राहून मुलांना संस्कृत शिकवी आणि चार घरची भिक्षुकी करी. ते मात्र मुरबाड तालुक्यातल्या आमच्या मूळ गावीच राहिले. त्यांना मूल नव्हते. घरात ते आणि वहिनी, दोघेच.

त्यांच्या दुखण्याची हकीकत सांगण्यापूर्वी एक गोष्ट सांगणे भाग आहे. लढाईच्या आधी आपल्या प्रांतात दारूबंदीचे वारे सुरू झाले, तेव्हा दादांनी ते कार्य देवाचे समजून अंगावर घेतले. महाशिवरात्रीला त्यांनी गावच्या शिवालयात आसपासच्या पाड्यांतले शेतकरी जमवले आणि एकेकाला पिंडीवरचा बेल उचलायला लावला. मोहाची दारू, ताडी, गांजा आणि अफू यांना पुन्हा शिवणार नाही, अशी ती शपथ होती. त्या बाजूला बेल उचलण्याला फार मान आहे. कचेरीत बेधडक खोटी साक्ष देणारा माणूसही हातात बेल घेऊन खोटे बोलायला कचरतो. दादा पिंडीपाशी उभे राहून शपथेचे शब्द सांगत, माणूस ते त्यांच्यामागून म्हणे, आणि मी शेजारी बसून प्रत्येकाच्या ओंजळीत पान देत असे. त्या दिवशी मला आपल्या भावाचा फार अभिमान वाटला होता.

वेदना वाढल्या तेव्हा कल्याणच्या डॉक्टरांनी दिलेल्या पुड्या काही दिवस पुरल्या. मग त्यांनी स्पष्ट सांगितले की आता अफूखेरीज दुसरे काही लागू पडणार नाही. अफूची दुकाने तोवर बंद झाली होती आणि परवान्यावाचून ती जवळ बाळगणे गुन्हा होता. परंतु आजाऱ्याला परवाना मिळे. मी अर्ज लिहून डॉक्टरांच्या चिठ्ठीसह मुरबाडच्या कचेरीत द्यावा, असे ठरत होते. दादांनी हाताने नको म्हटले. कचेरीत नाव लागले की ते दुसऱ्या दिवशी बाजारात कळले असते. ज्यांना त्यांनी बेल उचलायला लावला ती माणसे बाजारात असतच. मी पुष्कळ समजावले, पण ते भिंतीकडे तोंड करून पडले आणि मी शहापुरास परत आलो.

पौष लागताना वहिनींचा निरोप आला, म्हणून मी आटगावच्या एका बैलगाडीने किन्हवलीपर्यंत आणि पुढे चालत घरी गेलो. जाताना मनात भय होते. पोहोचलो तेव्हा दादा पडवीत उशीला टेकून संध्या करत होते. तोंडातून मंत्र उमटत नव्हते, परंतु हाताच्या मुद्रा बिनचूक चालल्या होत्या. चेहऱ्यावर कित्येक महिन्यांनी स्वस्थता दिसली. मी वहिनींकडे पाहिले. त्यांनी मला आत बोलावले आणि देव्हाऱ्याखालच्या कप्प्यातून, फुलवातींच्या खालून, केळीच्या वाळलेल्या पानात गुंडाळलेला काळा, चिकट गोळा काढून दाखवला. बोराच्या बीएवढा असेल. एका म्हातारीकडून आणला, एवढेच त्या म्हणाल्या. मुगाच्या डाळीएवढा तुकडा कोमट पाण्यात विरघळवून द्यायचा. तो घेतला की दादा चार प्रहर माणसांत असत.

दादांनी मला जवळ बोलावून तुटक शब्दांत सांगितले, "औषध म्हणून घेतो, हे देवाला ठाऊक आहे. गावाला ठाऊक नको."

मी तत्काळ म्हणालो की आर्ताने औषध म्हणून घेतलेल्या वस्तूचा दोष नाही, त्याला शास्त्राचा आधार आहे. आधार खराच आहे. परंतु तो मी ज्या घाईने दिला ती मला तेव्हाही खटकली. शिवरात्रीला हाच आधार कोणी मागितला असता तर मी तो दिला असता काय, असा प्रश्न मनात आला आणि मी तो बाजूला सारला.

मी तिथेच राहिलो, आणि त्या घरात मग एक विचित्र संकोच नांदू लागला. आम्ही तिघेही त्या वस्तूचे नाव काढत नसू. वहिनी ती देत तेव्हा मी अंगणात जाई, आणि मी दिली तर वहिनी गोठ्यात काही काम काढीत. कोणी केव्हा किती दिली, हे एकमेकांना विचारणे म्हणजे ती आपल्या घरात आहे हे कबूल करण्यासारखे होते. एके दिवशी पहाटे दादा फार कण्हत होते. वहिनींनी तुकडा दिला आणि त्या पाण्याला गेल्या. मी स्नान करून आलो, दादा अजून कण्हतच होते, म्हणून मीही दिला.

दुपारपर्यंत त्यांचे हातपाय गार पडले. श्वास इतका सावकाश येई की दोन श्वासांच्या मध्ये आम्ही दोघेही आपला रोखून धरीत असू. डोळ्यांच्या फटीतून पांढरे दिसत होते. वहिनींना वाटले, वेळ आली. मलाही तेच वाटले. मी माणूस पाठवून शेजारच्या आळीतल्या आमच्या चुलतबंधूंना बोलावले. ते वयाने दादांच्याही वरचे आणि पंचांगाचे मोठे अभिमानी. त्यांनी नाडी पाहिली, मग पंचांग पाहिले आणि सांगितले की सूर्यास्तानंतर पंचक लागते. त्या पाच नक्षत्रांत माणूस गेला तर तो घरातली आणखी पाच माणसे मागे ओढतो, असा समज आहे, आणि त्याची शांतीही कठीण असते.

"दिवस आहे तोवर जाऊ दे त्याला," ते म्हणाले. "खाटेवर अडकवून ठेवू नका. भुईवर घ्या."

आमच्याकडे माणसाचा प्राण खाटेवर जाऊ देत नाहीत. शेणाने सारवलेल्या भुईवर दर्भ आणि तीळ पसरून, दक्षिणेकडे पाय करून त्याला खाली घेतात. मी ते सर्व यथाविधि केले. गंगेच्या गडूचे लाखेचे तोंड फोडले, तुळशीचे पान जिभेवर ठेवले, वासराची शेपटी दादांच्या बोटांत देऊन गोदानाचा संकल्प त्यांच्या वतीने मीच सोडला. गोदान घ्यायला मुरबाडचे एक उपाध्याय आले होते. चुलतबंधूंनी कोयता देऊन एकाला बांबूच्या बेटाकडे पिटाळले. वहिनींच्या भोवती बायका बसल्या, आणि त्यांतल्या एकीने वहिनींच्या पुढ्यातली कुंकवाची पेटी मुकाट्याने उचलून आतल्या खोलीत नेऊन ठेवली. ते मी पाहिले. वहिनींनीही पाहिले.

दादांच्या कानाशी नामस्मरण करत बसलो असताना माझ्या मनाला दुःखाच्या आधी सुटका जाणवली. सुटले, असे वाटले. त्यांच्यासाठी वाटले असे मी पुष्कळ काळ स्वतःला सांगत आलो.

सूर्य मावळला आणि पंचक लागले. चुलतबंधू हळहळत पडवीत येरझारा घालू लागले. घरात दिवा लागला, तेव्हा दादांनी घशात काही आवाज केला, तुळशीचे पान ओठांबाहेर ढकलले आणि डोळे उघडले. त्यांची दृष्टी दर्भावरून तिळांवर गेली, तिथून दाराबाहेर, अंगणात ठेवलेल्या हिरव्या बांबूंवर. उभ्या जन्मात किती घरी त्यांनी हे विधी केले असतील. मला पाहताच त्यांनी उठायची धडपड केली आणि चाचरत विचारले, "कुणाकडचं आहे?"

आपल्याला कोणाच्या घरी बोलावणे आले आहे आणि आपण झोपून राहिलो, असे त्यांना वाटले. दारापाशी कोणी तरी फसकन हसले आणि हसू पदरात दाबले. दादांनी आपल्या अंगाखाली हात फिरवला, दर्भाची काडी उचलून डोळ्यांपुढे धरली, आणि त्यांना कळले. ते पुन्हा आडवे झाले.

चुलतबंधू वाकून मोठ्याने म्हणाले, "उठलासच तर आता पाच दिवस दम धर, बाबा. पंचकात जाऊ नको."

वहिनी मला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. "पहाटे तुम्ही दिलंत?"

"दिलं."

"मीही दिलं होतं."

यापलीकडे आम्ही दोघे त्याविषयी बोललो नाही.

बाहेर मात्र बोलणे सुरू झाले होते. आमच्या गावचे भटजी, म्हणजे दादा, यमाच्या दारातून परत आले, गोदानाचे शेपूट धरून वैतरणीपर्यंत गेले आणि देवाने माघारी धाडले, अशी वार्ता सकाळपर्यंत चार पाड्यांवर गेली. जवळच्या म्हशा गावच्या जत्रेचे दिवस जवळ आले होते. आमच्या वाटेने शिंगे रंगवलेले बैल घेऊन माणसे जत्रेकडे निघाली होती, ती अंगणात थांबू लागली. एकदा भुईवर घेतलेल्या माणसाला पुन्हा खाटेवर चढवत नाहीत, म्हणून दादा आता पडवीत जमिनीवरच घोंगडीवर पडून असत आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या नजरेला सहज पडत. लोक उंबऱ्यावर डोके ठेवीत, नारळ ठेवीत, त्यांच्या उशाशी लावलेल्या उदबत्तीची राख मुलांच्या कपाळी लावीत. शहापूरकडून आलेल्या एकाने तर मला विचारले, की भटजींना तिकडे काय काय दिसले.

दादांना प्रथम काही उमजत नव्हते. उमजले तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि मी खाली पाहिले.

गोळ्याचा उरलेला तुकडा दोन वेळांपुरता होता. तो संपला. दुखणे परत आले, ते जणू मधल्या दिवसांची भरपाई करायला आल्यासारखे. वहिनींनी मला त्या म्हातारीचे घर सांगितले. मी गावाच्या टोकाला, खळ्यापलीकडच्या त्या घरी गेलो. म्हातारी अंगणात पेंढ्याच्या गुंड्या बांधत होती. मी तिला ओळखले. तिचा नवरा आमच्या शिवालयाच्या वाटेवरचा शेतकरी. गाडीचे चाक मांडीवरून गेल्यापासून तो अफू खाई, आणि शिवरात्रीला बेल उचलणाऱ्यांत तो होता. त्याच्या ओंजळीत मीच पान ठेवले होते. मी आलो कशासाठी ते तिने विचारले नाही.

"संपली व्हय?" ती म्हणाली. "लय लौकर संपली."

मी म्हणालो की थोडी हवी, फार हाल होत आहेत.

ती पेंढा बांधत राहिली. "ज्या डबीतली अफू दिली ती डबी कोनाची हाय, वयनीनी सांगितलं का तुमाला? माज्या धन्याची. बेल उचलला त्या दिशी घरी आला, डबी फळीवर ठेवली नि म्हनला, टाकू नको, पन मला देऊ बी नको. मंग पोटात गाठ झाली त्याच्या. सारा पावसाळा वरडत व्हता. मी म्हनलं, घे रे, देव काय बघत नाय. तर म्हनं, भटजीला काय तोंड दावू? डबी फळीवर, नि हा खाली भुईवर. तसाच गेला."

मला ते ठाऊक नव्हते. त्याचे और्ध्वदेहिकही दादांनी केले नव्हते, त्यांच्यात दुसरे करतात. तो गेल्याचे मात्र आम्ही ऐकले होते, आणि बेलाचा शब्द पाळणारा माणूस गेला, असे दादांनी एका पुराणाच्या वेळी लोकांना सांगितलेही होते.

"वयनी आल्या तवा मी दिली," म्हातारी पुढे म्हणाली. "बाईमानूस रडाय लागली, काय करनार? पन आता ऐकते, भटजी देव झाले. नारळ चढतात. माज्या धन्याच्या अफूवर त्यांनी देव व्हायाचं?"

मी हात जोडले. तिला ते आवडले नाही. ती दुसरीकडे पाहू लागली.

"देते ना," ती म्हणाली. "डबीच देते. पन चोरून नाय. बेल समद्यांच्या म्होरं उचलायला लावला. आता ही बी समद्यांच्या म्होरं घेऊ द्या. त्यांनी सांगावं, मी अफूनं झोपलो व्हतो म्हनून. मंग देते."

मी तिला म्हणालो की हे बाहेर फुटले तर पोलीस तिच्याच दारी येतील. ती म्हणाली, येऊ द्या, म्हातारीला नेऊन जेवायला घालतील. मग मी आवाज चढवला. आजारी माणसाची अशी अडवणूक करणे पाप आहे, असे मी तिला तिच्या अंगणात उभा राहून सांगितले. तिने ते ऐकून घेतले आणि पुढची गुंडी बांधायला घेतली. परतीच्या वाटेवर माझे कान तापले होते, आणि तो राग होता की दुसरे काही, हे मला घर येईपर्यंत ठरवता आले नाही.

दादांना सर्व सांगावे की नाही, याचा मी दारात क्षणभर विचार केला. मग जसे तिने सांगितले तसे सांगितले. फळीवरच्या डबीचेही. त्यांनी डोळे मिटले. मग ते म्हणाले, "उद्या."

तो दिवस कसा गेला ते मी लिहू इच्छित नाही, परंतु एक गोष्ट लिहिली पाहिजे. दुखण्याच्या भरात दादांच्या तोंडून एक लांब, घोगरा स्वर निघे, थांबे आणि पुन्हा निघे. अंगणातल्या लोकांना तो जप वाटला. ते हात जोडून ऐकत बसले. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मला हळूच विचारले, कोणता मंत्र आहे हा? मी मान हलवली आणि आत निघून आलो. ती मान हो म्हणून हलवली की नाही म्हणून, हे त्यांना कळले नसेल. मला कळावे अशी माझी इच्छा नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन पडवीत आल्यावर, दादा म्हणाले, "बोलाव तिला."

म्हातारी आली ती धुतलेले लुगडे नेसून आली. अंगणात त्या वेळी तीसेक माणसे असतील, आणि त्यांत बेल उचललेलेही काही होते. ती पडवीच्या पायरीशी उभी राहिली, वर चढली नाही. चुलतबंधू आतून आले आणि हिचे इथे काय काम म्हणून विचारू लागले. दादांनी हात वर करून त्यांना थांबवले. वहिनींनी आणि मी त्यांना भिंतीला टेकवून बसवले.

दादांचे बोलणे लोकांना कळण्यासारखे नव्हते. त्यांनी मला जवळ बसायची खूण केली, आणि मग त्यांनी जे केले ते मी अगदी लहानपणापासून त्यांच्याकडून पाहिले होते. संकल्प सांगताना उपाध्याय एकेक शब्दसमूह सांगतो आणि यजमान तो त्याच्यामागून म्हणतो, तसे ते तुकड्यातुकड्याने सांगू लागले. प्रत्येक तुकडा त्यांच्यामागून मी मोठ्याने म्हणायचा होता.

"मी मेलो नव्हतो," ते म्हणाले. मी म्हणालो.

"मला कोणी परत पाठवलं नाही." मी तेही म्हणालो. अंगणातली कुजबूज थांबली.

"मी अफू खाऊन झोपलो होतो."

मी म्हणालो, "मी औषध घेऊन झोपलो होतो."

दादांनी तळहात जमिनीवर आपटला. पायरीवरून म्हातारी म्हणाली, "नीट सांगा, धाकले भटजी. ज्याचं नाव त्याला."

अर्थ तोच, असे मला म्हणावेसे वाटले. दादा माझ्याकडे पाहत होते. लहानपणी माझे चुकलेले शब्दरूप ऐकून ते ज्या दृष्टीने पाहत, तीच ती दृष्टी, पण तीत रागावणे नव्हते. याचना होती. थोरल्या भावाने आपल्याकडे याचना करावी आणि आपण शब्द लपवून ठेवावा, ही त्या क्षणाची माझी स्थिती होती. मी तोंड उघडले आणि म्हणालो, "मी अफू खाऊन झोपलो होतो." माझाच आवाज मला परका वाटला.

मग ते भराभर सांगत गेले आणि मी त्यांच्याच शब्दांत म्हणत गेलो. की ती अफू या बाईच्या नवऱ्याची आहे. की माझ्या शपथेपायी त्याने ती घेतली नाही आणि तो हाल होऊन मेला. की मी त्याचा दाखला देऊन पुराण सांगितले. की दुखण्यात ती घ्यायला हरकत नाही, हे मला तेव्हा सांगता आले असते, आणि मी सांगितले नाही, कारण मला कधी इतके दुखले नव्हते. शेवटचे वाक्य मला दोनदा सांगावे लागले. पहिल्यांदा ते पायरीपलीकडे ऐकू गेले नाही.

मग मागच्या बाजूचे दोघेतिघे उठले. एकाने ठेवलेला नारळ परत उचलला, काखेत धरला आणि बैल सोडला. एक बाई मात्र जाता जाता वहिनींना म्हणाली की आमच्या सासऱ्याला पण देत होतो बरं, कोनाला सांगितलं नाय इतकंच. चुलतबंधू घराण्याचे नाव मातीत गेले म्हणून आत जाऊन बसले ते दुपारपर्यंत बाहेर आले नाहीत.

म्हातारीने कमरेची पितळी डबी काढली. दादांनी तिच्यापुढे हात केला, आणि मग एकाएकी मागे घेतला. त्याने सोसले, आता मीही सोसतो, असे काहीसे ते बोलले.

"तुमी सोसून त्याचं दुखनं माघारी जानार हाय का?" म्हातारी म्हणाली. तिचा स्वर मऊ नव्हता. "उगा आनी येक मानूस वरडत बसल, गावाला झोप नाय. खावा गुमान."

त्यांनी तिच्या तळहातावरचा तुकडा घेतला. आमच्या घरात तिच्या जातीच्या हातचे पाणीही चालत नसे. त्या वेळी कोणाला त्याची आठवण झाली नाही, मलाही पुष्कळ उशिरा झाली.

औषध लागू पडण्याच्या आधी, म्हातारीखेरीज अंगण रिकामे झाल्यावर, दादांनी डबीकडे बोट दाखवले आणि म्हणाले, "सगळी द्या."

त्यांना काय म्हणायचे होते ते आम्हां तिघांनाही कळले. म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिले होते. असाध्य रोग्याने देह टाकावा की नाही, याचा विचार पूर्वाचार्यांनी केलेला आहे. एका काळी त्यांनी ते दार उघडे ठेवले होते, आणि मागाहून आलेल्यांनी कलियुगापुरते ते लावून घेतले. मी ते सांगितले.

"ते मीच शिकवलं तुला," दादा म्हणाले. "तुला काय वाटतं?"

इतकी वर्षे अध्ययन केले, परंतु वाटणे म्हणून जे असते ते काढून दाखवण्यासारखे माझ्याजवळ नव्हते. तेव्हा वहिनी बोलल्या. दादांच्या हयातीत माझ्यासमोर त्या त्यांच्याशी इतके बोललेले मी प्रथमच ऐकले.

"त्या दिवशी तुम्हांला भुईवर घेतलं, तेव्हा मी मनातून तुम्हांला सोडलं होतं," त्या म्हणाल्या. "सुटले म्हटलं. मग तुम्ही डोळे उघडलेत, तर मला आनंद व्हायच्या आधी कंटाळा आला. ती लाज मला जन्मभर पुरेल. आता दुखू देणार नाही, तेवढं देईन. पण घालवणार नाही. ते मागू नका माझ्याकडे."

दादांनी त्यांच्याकडे पाहिले. मग होकाराची मान हलवली. म्हातारीने डबी वहिनींच्या हातात ठेवली आणि ती पायरीवरून वळून गेली. वहिनींनी ती फुलवातींच्या खाली ठेवली नाही, दादांच्या उशाशी, पाण्याच्या भांड्याशेजारी उघड ठेवली. त्या दिवसापासून तुकडा दिला की त्या मला सांगत, आणि मी दिला की मी त्यांना सांगे.

पोलीस आले नाहीत. पंचक संपले. जत्रा भरली, उठली, आणि घोंगड्यांच्या गठड्या डोक्यावर घेऊन माणसे परतू लागली. आमच्या अंगणात आता कोणी थांबत नसे. दादा बहुतेक वेळ झोपेतच असत. जागे असले की माझा हात धरून पडत आणि कधी कधी काही विचारत, त्यात पूर्वीसारखे शास्त्रातले काही नसे. थंडी आहे का, गाईला पेंढा घातला का, एवढेच.

ज्या दिवशी खरी वेळ जवळ आली, त्या दिवशी मला ती ओळखू आली. या खेपेला कोणाला बोलावले नाही, बांबू तोडले नाहीत. मी वहिनींना म्हणालो की सकाळचा तुकडा देऊ नये. अंतकाळी माणूस शुद्धीवर असावा, त्याच्या मुखात देवाचे नाम असावे. दादांनी आयुष्यभर ज्यासाठी साधना केली ती घटका त्यांनी झोपेत घालवू नये. थोडे दुखेल, पण थोडाच वेळ. हे मी मनापासून, त्यांच्या कल्याणासाठी म्हणत होतो. वहिनींनी पाण्यात तुकडा विरघळवत माझे सर्व बोलणे ऐकून घेतले आणि कापसाच्या बोळ्याने ते पाणी दादांच्या ओठांत पिळले.

"नाव तुम्ही घ्या," त्या म्हणाल्या. "त्यांना झोपू द्या."

मी दादांच्या कानाशी बसलो आणि नाम घेऊ लागलो. सवयीने माझा आवाज मोठा लागला, तशी त्यांच्या कपाळाला एक आठी पडली. मी आवाज कमी केला. दुपारपर्यंत तो आणखी कमी करत गेलो, आणि श्वास थांबला तेव्हा माझे ओठ तेवढे हलत होते.